‘ईआर’ मालिकेतील मुख्य पात्रे आणि अमेरिकन कॅज्युअल्टीचा इतिहास



मी यंत्र अभियांत्रिकीचा शिक्षक आहे. आमच्याकडे ‘तंत्रज्ञान आणि समाज’ हा एक ऐच्छिक विषय असतो. तो घ्यायला फारसे कोणी पुढे येत नाही, म्हणून गेली काही वर्षे तो माझ्याकडे आला आहे. त्यात रुग्णालयाच्या इतिहासाचा भाग आला की मी एका अमेरिकन दूरदर्शन मालिकेपासून सुरुवात करतो. दरवर्षी कोणीतरी हात वर करून विचारतेच, “सर, मालिका म्हणजे इतिहास कसा?” प्रश्न योग्य आहे. मालिकेत घडलेले कधीच घडलेले नसते. पण शंभर प्रकारची माणसे ज्या इमारतीत वावरतात, त्यांतून कोणत्या सहा जणांना मुख्य पात्र करायचे, हा निर्णय कोणीतरी खरोखर घेतलेला असतो. तो एका ठरावीक वर्षी घेतलेला असतो आणि त्यामागे कारणे असतात. या पाठात आपण ती कारणे शोधणार आहोत.

मालिकेचे नाव ‘ईआर’, म्हणजे इमर्जन्सी रूम. आपल्याकडे बोलताना ज्याला ‘कॅज्युअल्टी’ म्हणतात तो विभाग. एनबीसी या वाहिनीवर १९ सप्टेंबर १९९४ रोजी तिचा पहिला भाग दाखवला गेला आणि २ एप्रिल २००९ रोजी शेवटचा. पंधरा पर्वे, ३३१ भाग. कथा घडते शिकागो शहरातील ‘काउंटी जनरल’ या काल्पनिक सार्वजनिक रुग्णालयात. काउंटी म्हणजे साधारणपणे आपला जिल्हा, तेव्हा हे जिल्हा रुग्णालय समजा. याचा खरा नमुना शिकागोतले कुक काउंटी हॉस्पिटल. गरिबांचे, स्थलांतरितांचे आणि ज्यांना दुसरीकडे कोणी घेत नाही अशांचे रुग्णालय म्हणून ते ओळखले जाई.

मालिकेचे लेखक मायकल क्रायटन. तुम्ही त्यांना ‘जुरासिक पार्क’मुळे ओळखता. क्रायटन यांनी हार्वर्डमधून वैद्यकीय पदवी घेतली होती, पण पुढे व्यवसाय केला नाही. विद्यार्थिदशेत बोस्टनच्या रुग्णालयात जे पाहिले त्यावर त्यांनी १९७४ मध्ये एक पटकथा लिहिली. ती वीस वर्षे पडून राहिली. तांत्रिक शब्द फार, घटना फार वेगवान, प्रेक्षकाला काही कळणार नाही, असे सर्वांचे मत. स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी तिच्यात रस घेतला, पण बोलण्याच्या ओघात डायनोसॉरच्या कथेचा विषय निघाला आणि आधी तो चित्रपट झाला. १९९४ मध्ये अखेर पहिल्या भागाचे चित्रीकरण झाले, तेही लॉस एंजेलिसमधील लिंडा व्हिस्टा या बंद पडलेल्या रुग्णालयात, कारण सेट उभारायला वेळ आणि पैसा नव्हता.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. वीस वर्षांपूर्वीची ती पटकथा जवळजवळ जशीच्या तशी वापरली गेली. लांबी थोडी कमी केली. त्याशिवाय महत्त्वाचे बदल फक्त दोन झाले: डॉ. सुझन लुईस हे पात्र मुळात पुरुष होते, ते स्त्री केले गेले, आणि डॉ. पीटर बेंटन हे पात्र कृष्णवर्णीय केले गेले. संवाद तेच, रुग्ण तेच, धावपळ तीच. १९७२ मध्ये अमेरिकेत शिक्षणातील लिंगभेदाविरुद्ध कायदा झाला, त्यानंतर वैद्यकीय महाविद्यालयांत मुलींची संख्या झपाट्याने वाढली. १९७४ मध्ये डॉक्टरांचा गट पुरुषांचाच असणे कोणाला खटकले नसते, १९९४ मध्ये ते खोटे वाटले असते. अभियंत्याच्या भाषेत सांगायचे तर एकच आराखडा वीस वर्षांच्या अंतराने वापरला आणि दोन ठिकाणीच सुधारणा करावी लागली. इतिहासात इतकी स्वच्छ तुलना क्वचित हाती लागते.

आधीचे डॉक्टर

‘ईआर’च्या आधीही अमेरिकन दूरदर्शनवर डॉक्टर होतेच. १९६१ मध्ये ‘डॉ. किल्डेर’ आणि ‘बेन केसी’ या दोन मालिका एकाच वर्षी सुरू झाल्या. त्या काळात अमेरिकन मेडिकल असोसिएशनची एक सल्लागार समिती अशा मालिकांच्या पटकथा तपासून देत असे. साहजिकच त्यांतला डॉक्टर सहसा चुकत नाही, पैशाबद्दल बोलत नाही आणि एका वेळी एकाच रुग्णाकडे पूर्ण लक्ष देतो. १९६९ चा मार्कस वेल्बी तर घरच्यासारखा फॅमिली डॉक्टर. १९८२ च्या ‘सेंट एल्सव्हेअर’ने बोस्टनमधील एक मोडकळीला आलेले रुग्णालय दाखवले आणि हा साचा बराचसा मोडला. पण एकाच वेळी आठ स्ट्रेचर, चार भाषा आणि दोन मोकळे पलंग हे दृश्य मुख्य विषय झाले ते ‘ईआर’मध्ये.

याला समांतर असा वैद्यकशास्त्राचाही इतिहास आहे, आणि मला तो मालिकेइतकाच रंजक वाटतो. १९६० पर्यंत अमेरिकेतील बहुतेक रुग्णालयांत कॅज्युअल्टी ही मागच्या दाराजवळची एक खोली होती. तिथे ज्याची पाळी असेल तो डॉक्टर बसायचा. तो त्वचारोगतज्ज्ञही असू शकायचा. १९६१ मध्ये व्हर्जिनिया राज्यातील अलेक्झांड्रिया येथे जेम्स मिल्स आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी आपली खासगी प्रॅक्टिस सोडून पूर्णवेळ कॅज्युअल्टी सांभाळायला सुरुवात केली. १९६६ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालाने अपघाती मृत्यूंकडे देशाचे लक्ष वेधले. १९६८ मध्ये या डॉक्टरांची संघटना झाली, १९७० मध्ये सिनसिनाटी येथे तातडीच्या वैद्यकाचे पहिले निवासी प्रशिक्षण सुरू झाले, आणि १९७९ मध्ये हे स्वतंत्र विशेषशास्त्र म्हणून मान्य झाले.

म्हणजे क्रायटन यांनी १९७४ मध्ये पटकथा लिहिली तेव्हा मालिकेच्या नायकाचा व्यवसायच नीट अस्तित्वात आलेला नव्हता.

सहा जण

तो नायक म्हणजे डॉ. मार्क ग्रीन. अभिनेते अँथनी एडवर्ड्स. टक्कल पडू लागलेला, चष्मा लावणारा, कायम झोप अपुरी असलेला मुख्य निवासी डॉक्टर. पहिल्या भागाची सुरुवातच त्याला झोपेतून उठवण्याने होते. त्याच भागात तो एका खासगी दवाखान्यात नोकरीसाठी जाऊन येतो. तिथे शांतता आहे, स्वच्छता आहे, ठरावीक वेळा आहेत, पगार जास्त आहे. पत्नीचीही इच्छा आहे. तो नाही म्हणतो. त्याचे कारण तो फार नीट सांगू शकत नाही, आणि मला वाटते हे लेखकाने बरे केले. पुढे त्याचे लग्न मोडते, आणि त्या मोडण्यात या ‘नाही’चा वाटा आहे.

ग्रीनचा सर्वांत गाजलेला भाग मार्च १९९५ मधला. एक गरोदर स्त्री येते. लक्षणे मूत्रमार्गाच्या साध्या संसर्गाची वाटतात आणि तो तिला औषध देऊन घरी पाठवतो. प्रत्यक्षात तो गरोदरपणातील वाढत्या रक्तदाबाचा धोकादायक विकार असतो. ती परत येते, मूल वाचते, आई दगावते. या भागाचे लेखक लान्स जेंटाइल स्वतः कॅज्युअल्टीत काम केलेले डॉक्टर होते. किल्डेरच्या काळात सल्लागार समितीने अशी पटकथा पुढे जाऊ दिली असती का, याचा विचार करा. इथे चांगला, मेहनती, सज्जन डॉक्टर चुकतो, आणि चूक त्याच्या स्वभावात शोधून सापडत नाही. त्या रात्री स्त्रीरोगतज्ज्ञ वेळेवर खाली येत नाही, आणि जे वरच्या मजल्यावर व्हायला हवे ते सारे त्याला कॅज्युअल्टीतच करावे लागते.

डॉ. डग रॉस हा बालरोगतज्ज्ञ. जॉर्ज क्लूनी या भूमिकेमुळे जगप्रसिद्ध झाले. त्यांच्याबद्दल इतके लिहिले गेले आहे की मी थोडक्यात आटोपतो. रॉस मुलांसाठी नियम मोडतो आणि प्रेक्षकाला ते आवडते. पाण्याने भरलेल्या नाल्यातून मुलाला वाचवण्याचा नोव्हेंबर १९९५ चा भाग सुमारे ४ कोटी ८० लाख लोकांनी पाहिला. पण १९९९ मध्ये तो असाच नियम मोडतो, असाध्य आजाराने तळमळणाऱ्या मुलाच्या आईला वेदनाशामकाच्या यंत्राचे कुलूप उघडून देतो, आणि मूल मरते. त्याला रुग्णालय सोडावे लागते. मालिकेने आपल्याच लाडक्या पात्राचा हिशेब चार वर्षांनी पुरा केला.

सुझन लुईस (शेरी स्ट्रिंगफील्ड) या पात्राकडे पाहताना ती ‘स्त्री डॉक्टर’ म्हणून लिहिलेली नव्हती हे आठवा. म्हणूनच पहिल्या भागात ती एका रुग्णाला फुप्फुसाच्या कर्करोगाची शक्यता सांगते तो प्रसंग इतका साधा आहे. तिथे ती फक्त एक डॉक्टर आहे.

पीटर बेंटन (एरिक ला साल) शल्यचिकित्सक. गर्विष्ठ, अबोल, अत्यंत कुशल. पहिल्याच भागात वरिष्ठ येईपर्यंत थांबता येत नाही म्हणून तो फुटलेल्या महाधमनीचे ऑपरेशन एकटा सुरू करतो. त्याच्या हाताखाली येतो जॉन कार्टर (नोआ वायली), तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, श्रीमंत घरातला, पांढराशुभ्र कोट घातलेला. शिक्षक कृष्णवर्णीय आणि सामान्य कुटुंबातला, विद्यार्थी गोरा आणि धनाढ्य. या उलट मांडणीवर मालिका भाषण देत नाही. पुढे कार्टर शल्यचिकित्सा सोडतो आणि पुन्हा इंटर्न होऊन तातडीच्या वैद्यकाकडे वळतो. बेंटनच्या दृष्टीने ही घसरण आहे. १९७९ मध्ये कागदावर मान्य झालेले शास्त्र १९९७ मध्ये वरच्या मजल्यावरच्या सर्जनांच्या नजरेत अजून कनिष्ठ होते, हे या दोघांच्या भांडणातून जेवढे कळते तेवढे तारखांच्या यादीतून कळत नाही.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे पात्र. कॅरल हॅथवे, मुख्य परिचारिका, अभिनेत्री जुलिआना मार्ग्युलिस. मूळ पटकथेत ती मरणार होती. पहिल्या भागात झोपेच्या गोळ्या घेतलेल्या अवस्थेत तिला तिच्याच सहकाऱ्यांसमोर आणले जाते, आणि तिथे तिची कथा संपणार होती. चाचणीसाठी बोलावलेल्या प्रेक्षकांना ती आवडली म्हणून ती जगली आणि सहा पर्वे राहिली. म्हणजे १९७४ च्या लेखकाला परिचारिका ही डॉक्टरांना धक्का देण्यासाठी हवी होती, १९९४ च्या प्रेक्षकाला ती स्वतःसाठी हवी होती. पुढे ती वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा देते, चांगले गुण मिळवते, आणि तरीही सिस्टरच राहते. ज्याने कधी सरकारी रुग्णालयात रात्र काढली आहे त्याला हे सांगायला नको की वॉर्ड कोण चालवते. पण दूरदर्शनला हे कळायला तीस वर्षे लागली.

यांच्या जोडीला नंतर आलेल्यांपैकी दोघींची नोंद करा. जिनी बुले (ग्लोरिया रुबेन) ही फिजिशियन असिस्टंट. हा व्यवसाय १९६५ मध्ये ड्यूक विद्यापीठात, नौदलातून परतलेल्या वैद्यकीय साहाय्यकांना प्रशिक्षण देऊन सुरू झाला. तिला एचआयव्हीची लागण असल्याचे १९९६ मध्ये कळते, नेमके त्याच सुमारास नवी संयुक्त औषधे उपलब्ध झाली. तिचे पात्र मेले नाही, कामावर राहिले, आणि तिने कोणते काम करावे यावर रुग्णालयात वाद झाला. दुसरी नीला रसगोत्रा, २००३ मध्ये आलेली ब्रिटिश भारतीय डॉक्टर, भूमिका परमिंदर नागरा यांची. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर भारतातून गेलेल्या हजारो डॉक्टरांनी अमेरिकेतील सार्वजनिक रुग्णालये चालवली. काउंटी जनरलच्या मुख्य पात्रांत त्यांच्यासारखे नाव यायला दहावे पर्व उजाडावे लागले.

दार कोणासाठी उघडे

इथवर पात्रांचे झाले. पण ही माणसे इतकी दमलेली का असतात? लेखक म्हणेल, नाट्यासाठी. इतिहासकाराचे उत्तर वेगळे असेल.

१९८३ च्या अखेरीस कुक काउंटी रुग्णालयातील डॉक्टरांनी बेचाळीस दिवसांत इतर रुग्णालयांतून त्यांच्याकडे धाडलेल्या ४६७ रुग्णांचा अभ्यास केला. तो १९८६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. ८७ टक्के रुग्ण पाठवण्याचे कारण विमा नसणे हे होते. २४ टक्के रुग्ण प्रवासाच्या वेळी अस्थिर प्रकृतीचे होते. त्याच १९८६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा केला: केंद्रीय आरोग्य योजनेत सहभागी असलेल्या कोणत्याही रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत आलेल्या माणसाला, त्याच्याकडे पैसे असोत वा नसोत, तपासलेच पाहिजे आणि प्रकृती स्थिर केलीच पाहिजे. या कायद्याने कर्तव्य ठरवले, पण त्यासाठी लागणारा पैसा ठरवला नाही.

आता तारखा जुळवून पाहा. १९ सप्टेंबर १९९४ ला ‘ईआर’ सुरू झाली. २६ सप्टेंबर १९९४ ला सिनेटमधील बहुमताचे नेते जॉर्ज मिचेल यांनी जाहीर केले की राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांची सर्वांसाठी आरोग्य विम्याची योजना या अधिवेशनात मंजूर होणार नाही. सुमारे चार कोटी अमेरिकन विम्याविना राहिले. त्यांच्यासाठी रात्री-बेरात्री हमखास उघडे असलेले दार कॅज्युअल्टीचेच होते. ग्रीन, लुईस आणि हॅथवे त्या दारात उभे आहेत. त्यांचा थकवा धोरणातून आलेला आहे. मालिकेत अपघात आणि गोळीबार लक्षात राहतात, पण तितकेच रुग्ण असे आहेत की ज्यांना खरे तर तीन महिन्यांपूर्वी साध्या डॉक्टरकडे जाता आले असते तर ते आले नसते. चौथ्या पर्वात हॅथवे रुग्णालयातच मोफत दवाखाना उघडते. पैसे कुठून येतात? कार्टरच्या आजीच्या प्रतिष्ठानाकडून. सरकारने न भरलेली जागा दानाने भरायची, हे उत्तरही त्या दशकाचेच आहे.

तुलनेसाठी ‘शिकागो होप’ पाहा. तीच नगरी, तोच आठवडा: ती १८ सप्टेंबर १९९४ ला सीबीएसवर सुरू झाली आणि लगेच गुरुवारी रात्री ‘ईआर’समोरच उभी राहिली. तिचे नायक एका संपन्न खासगी रुग्णालयातील नामांकित सर्जन. दुर्मीळ ऑपरेशने, मोठे निर्णय. मालिका वाईट नव्हती, सहा वर्षे चालली. पण समोरासमोरच्या सामन्यात ती हरली आणि तिला दुसऱ्या वारी हलवावे लागले.

साधनाची मर्यादाही सांगायला हवी. १९९६ मध्ये त्याच नियतकालिकात तीन दूरदर्शन कार्यक्रमांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांत ‘ईआर’ होती. हृदय बंद पडल्यावर छाती दाबून पुनरुज्जीवन करण्याचे ६० प्रसंग मोजले गेले. त्यांतील ७५ टक्के रुग्ण तात्काळ वाचले आणि ६७ टक्के घरी गेलेले दिसले. प्रत्यक्षात हे प्रमाण खूपच कमी असते. तेव्हा हॉर्न वाजवीत येणारी गाडी, धावणारी स्ट्रेचर, सलाईन लावणारे हात हे सगळे अचूक असूनही निकाल मात्र प्रेक्षकाला हवा तसा. मला याहून मोठी उणीव वाटते ती अशी की इतक्या भागांत रुग्णाच्या हातात बिल पडताना आपण फार क्वचित पाहतो. १९९५ पासून आलेल्या केरी वीव्हर (लॉरा इनेस) या पात्राच्या तोंडी खर्चाची भाषा आहे, आणि लेखकांनी बराच काळ तिला त्रासदायक वरिष्ठ म्हणूनच रंगवले. हिशेब विचारणारी व्यक्ती खलनायिका झाली, आणि हिशेब कोणाच्या माथी जातो हा प्रश्न बाजूला पडला.

हा प्रश्न मला का टोचतो ते सांगतो. काही वर्षांपूर्वी रात्री दीड वाजता मी माझ्या मामांना छातीत दुखते म्हणून एका खासगी रुग्णालयात नेले होते. काउंटरवरच्या मुलाने केसपेपर काढण्याआधी डिपॉझिटची रक्कम सांगितली. कार्ड चालेना. वीस मिनिटे गेली. मामा वाचले, पण ती वीस मिनिटे मी विसरलेलो नाही. त्या मुलाचा मला राग येत नाही, त्याला तसेच शिकवलेले होते.

आपल्याकडेही कायदा आहे, तो न्यायालयातून आला. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की जखमीला आधी उपचार, पोलिसांचे कागद नंतर. १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधील खेतमजूर समितीच्या खटल्यात, रेल्वेतून पडलेल्या एका मजुराला कोलकात्यातील एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा नाही म्हणून परत पाठवले होते. न्यायालयाने तातडीचा उपचार हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि त्याला २५ हजार रुपये भरपाई दिली. तातडीच्या वैद्यकाला भारतात पदव्युत्तर विशेषशास्त्र म्हणून मान्यता मिळाली २००९ मध्ये, म्हणजे ‘ईआर’ संपली त्या वर्षी.

त्या शेवटच्या भागात मार्क ग्रीनची मुलगी रेचेल वैद्यकीय प्रवेशासाठी रुग्णालय पाहायला येते. ग्रीन स्वतः २००२ मध्ये मेंदूतील गाठीने गेलेला आहे. कार्टरने आपल्या पैशाने गरिबांसाठी एक आरोग्यकेंद्र उभारलेले आहे, पुन्हा दानाचाच मार्ग. खऱ्या कुक काउंटीची १९१४ ची जुनी इमारत तोपर्यंत बंद झाली होती. २००२ च्या अखेरीस रुग्णालय शेजारच्या नव्या वास्तूत गेले. जुन्या इमारतीत २०२० पासून हॉटेल आहे.

पुढच्या पाठापूर्वी करायचे काम: पहिला भाग शोधून पाहा. वहीत तीन रकाने आखा. रुग्ण कोण, त्याला प्रथम कोणी हात लावला, आणि त्याचा खर्च कोण करणार हे संवादांतून कळते का. तिसरा रकाना रिकामा राहिला तर तो तसाच ठेवून या.